जनुकांवर काम करणारा पंप: चालू ठेवावा की बंद करावा?

प्रश्न: माझ्या 8 वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी दम्याचं निदान झालं. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा फक्त धाप लागली की घ्यायचा. तो घेतला की दहा मिनिटांत त्याला मोकळं वाटतं. दुसरा तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, पण त्याने काहीच फरक जाणवत नाही. त्यात स्टिरॉइड आहे हे मेडिकलवाल्याकडून कळलं. सासूबाई म्हणतात, पंप एकदा लागला की सुटत नाही, पोराची उंची खुंटते. मी नेटवर शोधलं तर हे औषध पेशीत शिरून थेट जनुकांवर काम करतं असं वाचलं, तेव्हा मात्र मीच घाबरले आणि तो बंद केला. पहिले दोन-तीन आठवडे मुलगा ठणठणीत होता. आता रात्रीचा खोकला सुरू झालाय आणि निळा पंप आठवड्यातून तीन-चारदा लागतोय. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं आहे, त्यामुळे जरा खोलात जाऊन सांगितलंत तरी चालेल. एक औषध दहा मिनिटांत गुण देतं आणि दुसऱ्याला आठवडे का लागतात? आणि जनुकांवर काम करणारं औषध एवढ्याशा मुलाला देणं बरोबर आहे का?
– एक आई, बारामती

उत्तर:

ताई, आधी काय करायचं ते सांगते, कारणं नंतर.

तपकिरी पंप डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आजपासून पुन्हा सुरू करा आणि याच आठवड्यात मुलाला त्यांच्याकडे घेऊन जा. मधे औषध बंद केलं होतं हे त्यांना स्पष्ट सांगा. ते लपवलंत तर औषध चालू असूनही खोकला येतोय असा त्यांचा समज होईल आणि ते विनाकारण मात्रा वाढवतील. पण मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा निळा पंप घेऊनही आराम पडत नसेल वा चार तासांच्या आत पुन्हा धाप लागत असेल, तर आठवड्याची वाट बघू नका. रात्र असो वा दिवस, सरळ हॉस्पिटल गाठा आणि वाटेत निळा पंप देत राहा.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे. स्टिरॉइड जनुकांवरच काम करतं. पण त्या वाक्याने घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं चालू-बंद होण्याचं काम अखंड चाललेलं असतं. तुमचा मुलगा जेवतो, रक्तात इन्सुलिन वाढतं आणि यकृतातली काही जनुकं चालू होतात, काही थांबतात. तो उन्हात खेळून येतो, त्याच्या त्वचेतल्या पेशी रंगद्रव्याची जनुकं जोरात वाचू लागतात. त्याच्या फुप्फुसातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए अगदी तोच आहे. दोन्हीकडे प्रथिनं बनवणारी साधारण 20,000 जनुकं आहेत. फरक फक्त कोणती वाचली जातात आणि किती वाचली जातात यात आहे. ते ठरतं पेशीपर्यंत बाहेरून येणाऱ्या संदेशांवर. हार्मोन, पोषण, जंतू, शेजारच्या पेशीने सोडलेलं एखादं रसायन हे सगळे संदेशच. जनुकं ज्या संदेशांना उत्तर देतात त्यांतलाच एक म्हणजे स्टिरॉइड, आणि तो काही परका नाही. तुमच्या मुलाच्या शरीराला तो जन्माआधीपासून ओळखीचा आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी निळ्या पंपाचा मार्ग बघू. (रंग कंपनीगणिक वेगळे असू शकतात, म्हणून पंपावरचं नाव वाचायची सवय लावा. झटपट आराम देणारं औषध बहुधा साल्ब्युटामॉल असतं, रोजचं बहुधा बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन.) साल्ब्युटामॉल काम करण्यासाठी पेशीच्या आत जातच नाही. श्वासनलिकेभोवती गुळगुळीत स्नायूंचा वेढा असतो. त्या स्नायूपेशींच्या पृष्ठभागावर बीटा-2 नावाचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारी प्रथिनं, असतात. औषध त्यांच्यावर बसलं की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो. त्याला आतल्या बाजूने चिकटलेलं जी-प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी या छोट्या रेणूचा पूर येतो. तो रेणू पीकेए नावाच्या एन्झाइमला चालना देतो, पेशीतलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, स्नायू सैल पडतो, नळी उघडते.

ही साखळी ऐकायला लांबलचक वाटते, पण तिच्यातला प्रत्येक घटक पेशीत आधीच तयार होता. नवं काहीच बनवावं लागलं नाही. म्हणूनच सगळं काही मिनिटांत उरकतं, आणि म्हणूनच चार-सहा तासांत ओसरतंही. ॲड्रिनॅलिन यकृताला आपला निरोप नेमका कसा पोचवतं हे शोधताना अर्ल सदरलँड यांना सायक्लिक एएमपी सापडलं. पेशीबाहेरचा संदेश पेशीच्या आत दुसराच एक रेणू वाहून नेतो ही कल्पना त्यातून उभी राहिली. 1971 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. बीएस्सीला तुम्ही हे शिकला असाल. एक भर घालते: पीकेए काही वेळा केंद्रकातही शिरतं आणि क्रेब नावाच्या प्रथिनामार्फत जनुकांपर्यंत पोचतं. म्हणजे ज्या निळ्या पंपाची तुम्हाला मुळीच भीती वाटत नाही, त्याचाही हात जनुकांपर्यंत जातोच. फक्त आराम पडतो तो त्यामुळे नव्हे.

पण दमा म्हणजे नुसता आवळलेला स्नायू नव्हे, आणि खरी मेख इथे आहे. आवळलेल्या स्नायूच्या आत श्वासनलिकेचं अस्तर सुजलेलं असतं. तिथे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी गोळा झालेल्या असतात, चिकट कफ वाढलेला असतो, आणि सगळा मार्ग इतका हुळहुळा झालेला असतो की थंड वाऱ्याची झुळूक, उदबत्तीचा धूर किंवा साधी सर्दीही पुरते. ही सूज येते कुठून? जनुकांतूनच येते.

अस्तराच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन असतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते 1986 मध्ये शोधलं. एरवी ते केंद्रकाबाहेर, दावणीला बांधलेल्या बैलासारखं उभं असतं. त्याचं दावं म्हणजे आय-कप्पा-बी हे दुसरं प्रथिन. सर्दीचा विषाणू आला, धुळीतल्या किड्यांचा अंश आला, की पृष्ठभागावरच्या रिसेप्टरकडून आत निरोप जातो. एक एन्झाइम त्या दाव्यावर फॉस्फेटची खूण करतं, आणि खूण झालेलं दावं पेशी स्वतःच तोडून टाकते. मोकळं सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात घुसतं आणि सूज आणणारी कितीतरी जनुकं चालू करतं: इतर पेशींना हाक मारणारी, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकट करणारी, आणखी संदेश सोडणारी. ते नवे संदेश शेजारच्या पेशींची तीच साखळी पुन्हा सुरू करतात. म्हणून एक सर्दी पंधरा-पंधरा दिवस रेंगाळते.

ॲलर्जीच्या दम्यात याच्या जोडीला आणखी एक रस्ता चालू असतो. इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-13 हे दोन संदेश पेशीवर येऊन बसतात. आतली जॅक नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि स्टॅट-6 या प्रथिनाला फॉस्फेट लावतात. अशी दोन प्रथिनं जोडीने केंद्रकात जातात आणि कफाच्या प्रथिनाचं, इओसिनोफिलना ओढून आणणाऱ्या रसायनाचं जनुक चालू करतात. ही साखळी आता इतकी नेमकी कळली आहे की तिच्या पहिल्याच कडीवर, म्हणजे त्या दोन इंटरल्यूकिनच्या सामाईक रिसेप्टरवर बसणारं ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन तीव्र दम्यासाठी वापरलं जातं. तुमच्या मुलाला त्याची गरज आहे असं पत्रावरून मुळीच वाटत नाही. रस्ता माहीत झाला की तो कुठे अडवायचा हेही ठरवता येतं, एवढंच दाखवायला सांगितलं.

म्हणजे बघा, तपकिरी पंप बंद असतानाही तुमच्या मुलाच्या श्वासमार्गात जनुकं बदलत्या तालावर चालूच आहेत. ती चुकीची जनुकं आहेत, नको तेवढ्या जोरात चालू आहेत आणि रात्रीच्या खोकल्यातून तुम्हाला ऐकू येत आहेत. जनुकांना हात लागू नये म्हणून तुम्ही औषध थांबवलंत, पण दम्याने तो हात आधीच लावलेला आहे.

आता तपकिरी पंप. स्टिरॉइडचा रेणू चरबीत विरघळणारा असतो, त्यामुळे त्याला पेशीच्या पडद्यावर अडून राहावं लागत नाही, तो आरपार आत जातो. आत त्याचा रिसेप्टर एचएसपी-90 आणि इतर प्रथिनांच्या आधाराने तयारच असतो. औषध रिसेप्टरच्या खाचेत बसलं की हा आधार सुटतो आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. हा रिसेप्टर नेमका कसा आहे हे कळलं 1985 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने त्याचं जनुक वेगळं काढलं तेव्हा. डीएनएवर तो कुठेही बसत नाही. 15 अक्षरांची एक ठरावीक जागा तो शोधतो: सहा अक्षरं, मधे तीन कोणतीही, मग पुन्हा सहा. दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि एकेक बाजू धरतात.

तिथे बसून तो दोन तऱ्हेची कामं करतो. काही जनुकं चालू करतो: सूज आवरणाऱ्या प्रथिनांची, काही पेशींमध्ये त्या आय-कप्पा-बीचं, म्हणजे बैलाला पुन्हा बांधणाऱ्या दाव्याचंसुद्धा. तसंच बीटा-2 रिसेप्टरचं जनुकही. हे तर मुद्दाम लक्षात ठेवा, कारण निळा पंप ज्या रिसेप्टरवर बसून काम करतो ते रिसेप्टर तपकिरी पंप वाढवतो. दुसरं काम दम्यासाठी त्याहून महत्त्वाचं आहे. एनएफ-कप्पा-बी ज्या जनुकांना चालू करून बसलेलं असतं, तिथे जाऊन स्टिरॉइडचा रिसेप्टर एचडॅक-2 नावाचं एन्झाइम बोलावून आणतो. ते एन्झाइम तिथल्या डीएनएची गुंडाळी पुन्हा घट्ट करतं आणि जनुक वाचणं थांबतं.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. रिसेप्टर केंद्रकात पोचायला काही मिनिटंच लागतात, पण त्यानंतर जनुकाची आरएनए प्रत निघायची, ती केंद्रकाबाहेर यायची, तिच्यावरून प्रथिन बनायचं, यात तास जातात. जी जनुकं बंद झाली त्यांची आधीच बनलेली प्रथिनं लगेच नाहीशी होत नाहीत. ती झिजून जावी लागतात. जमलेल्या पेशी मरून जायला, सूज उतरायला दिवस आणि आठवडे लागतात. श्वासमार्गाचा हुळहुळेपणा निवायला तर महिने लागू शकतात. म्हणून तपकिरी पंप घेतल्यावर मुलाला काही जाणवत नाही, आणि ते तसंच असायला हवं. या औषधाचा गुण बघायचा तो घेतल्यानंतरच्या दहा मिनिटांत नव्हे, महिन्याच्या हिशेबात: रात्री किती वेळा उठला, शाळा किती बुडाली, निळा पंप किती वेळा लागला.

आणि बंद केल्यावरचे ते दोन-तीन आठवडे? मुलगा ठणठणीत होता तो आधी घेतलेल्या औषधाच्या जोरावर. जनुकांचा ताल जसा सावकाश बदलला होता, तसाच सावकाश परत फिरला. औषध बंद केलं आणि काहीच झालं नाही, म्हणजे त्याची गरजच नव्हती, असं वाटायला लावणारा हा काळ फार फसवा असतो. दम्याची रोजची औषधं घराघरांत मधेच सुटतात ती बहुतेक याच काळात, आणि तेही मुलावर माया करणाऱ्या, विचारी आईवडिलांच्या हातून. त्यामुळे स्वतःला बोल लावत बसू नका.

आता जनुकं बिघडतील का? नाही. स्टिरॉइड डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. 2000 साली जेम्स मॅकनॅली आणि गॉर्डन हेगर यांच्या गटाने जिवंत पेशीत या रिसेप्टरला चमकणारं प्रथिन जोडून तो डीएनएवर किती वेळ बसतो हे पाहिलं. तोवर समज असा होता की एकदा बसला की तो ठाण मांडतो. प्रत्यक्षात तो काही सेकंदांत उठतो, दुसरा येतो, तोही उठतो. पेशीत औषध आहे तोवर ही ये-जा चालते, औषध संपलं की थांबते. ज्या गोष्टीमुळे तुमच्या मुलाचा खोकला परत आला, तीच या औषधाच्या निर्धोकपणाची खूण आहे. त्याचा परिणाम पुसला जातो.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. बुडेसोनाइड ज्या रिसेप्टरवर बसतं, त्याच रिसेप्टरवर बसणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन त्यांच्या नातवाच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज बनवतात. पहाटेपासून ते वाढत जातं, सकाळी सर्वाधिक असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. दमा रात्री आणि पहाटे बळावतो त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तेव्हा तळाला गेलेलं असतं. त्याचं भावंड असलेलं कॉर्टिसोन फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं, आणि दोनच वर्षांत, 1950 मध्ये, त्यांना एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

व्यायामशाळेतली मुलं घेतात ते स्टिरॉइड वेगळं. ते टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं, वेगळ्या रिसेप्टरवर बसणारं. माणसात अशा 48 रिसेप्टरांचं एक कुळ आहे, त्यात हे दोघं येतात म्हणून आडनाव सारखं. दोघांनी चालवायच्या जनुकांची यादी निराळी.

उंचीबद्दल मात्र सासूबाईंची शंका अगदीच बिनबुडाची नाही, तेव्हा आकड्यांत सांगते. अमेरिकेत 5 ते 13 वर्षांच्या दमेकरी मुलांना चार ते सहा वर्षं रोज 400 मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड देऊन, ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यांची अंतिम उंची औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. हा फरक सुरुवातीच्या काळात पडला, पुढे वाढत गेला नाही. तुमच्या मुलाच्या वयाला कमी मात्रा म्हणजे दिवसाला 100 ते 200 मायक्रोग्रॅम. उलट बाजूने, आटोक्यात नसलेला तीव्र दमाही वाढ मंदावतो आणि झोप, खेळ, शाळा हिरावतो ते वेगळंच. 1.2 सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ते एका पारड्यात ठेवा, रात्री बसून काढलेला श्वास दुसऱ्यात ठेवा आणि ठरवा. माझ्या मनात उत्तराबद्दल शंका नाही.

ज्या स्टिरॉइडला सगळे घाबरतात, त्याची कीर्ती झाली ती गोळ्यांमुळे. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, आणि तोच रिसेप्टर जवळजवळ प्रत्येक पेशीत असल्याने यकृतात साखर बनवणारी जनुकं चालू होतात, हाडांवर परिणाम होतो, चेहरा सुजतो. मेंदूकडून ग्रंथींना जाणारा संदेशही याच रिसेप्टरमार्फत दबतो, म्हणून दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकदम तोडायची नसते. पंपाने हे गणित बदललं. दाबून फवारा सोडणारा पंप 1956 मध्ये बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षांच्या 13 वर्षांच्या, दमा असलेल्या मुलीने, आपलं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं का मिळत नाही, असं विचारलं होतं. 1972 मध्ये बेक्लोमेथासोन पंपातून मिळू लागलं. गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पंपाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, आणि तो थेट जिथे हवा तिथे जातो. बुडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो, त्यातला सुमारे 90 टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं. तोंडात आणि घशात राहिलेल्या औषधाने कधी बुरशी येते, आवाज बसतो. प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकून टाकलं की हा त्रास बराचसा टळतो.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, तो इथे व्यक्त करते. पंपाला घाबरलेली माणसं दम्यावर "हमखास" गुण देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या आणतात. अशा पुड्यांच्या तपासणीत स्टिरॉइडची भेसळ अनेकदा सापडली आहे. म्हणजे मायक्रोग्रॅमला नाही म्हणायचं आणि तेच औषध, किती आहे हे न कळता, पोटातून घ्यायचं. तुमच्या घरी कोणी अशी पुडी सुचवली तर ठाम राहा.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. सध्या तुमचा मुलगा एकट्या निळ्या पंपावर आहे. बीटा-2 रिसेप्टरवर सतत औषध बसत राहिलं की पेशी ते रिसेप्टर कमी करत नेते, त्यामुळे निळ्याचा जोर हळूहळू उतरतो. आणि सूज तर आतल्या आत वाढतच असते. नळी उघडून दिल्याने ती वाढ लपते, थांबत नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या 30,000 हून अधिक दमेकऱ्यांच्या नोंदींवरून 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टिरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसा दम्याने मरण्याचा धोका 21 टक्क्यांनी कमी होत गेलेला दिसला. आणि औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण, औषध चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त होतं. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या संस्थेने 2019 मध्ये मोठ्यांसाठी आणि 12 वर्षांवरच्या मुलांसाठी, नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये अशी स्पष्ट सूचना केली. 6 ते 11 वर्षांच्या मुलांसाठीही स्टिरॉइडची जोड असावी असंच ती संस्था सांगते. तुम्हाला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. आठवड्यातून तीन-चारदा लागणारा निळा पंप हा इशारा आहे, आणि तो तुम्ही वेळेत ओळखून पत्र लिहिलंत.

"सवय लागते" याचं उत्तर तुम्हाला एव्हाना मिळालंच असेल. सवय म्हणजे मात्रा वाढवत न्यावी लागणं, तलफ येणं. इथे तसं काही होत नाही. औषध थांबवल्यावर परत येतो तो मूळ दमा. बऱ्याच मुलांचा दमा वाढत्या वयात सौम्य होतो, आणि तेव्हा औषधही कमी होतं. दमा तीन महिने नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर स्वतःच मात्रा एक पायरी खाली आणून बघतात. तो निर्णय तुम्ही मागू शकता. मागाच. फक्त तो त्यांच्यासोबत घ्या, पावसाळ्यातली सर्दी-खोकल्याची साथ चालू असताना घेऊ नका, आणि एकदम बंद करण्याऐवजी टप्प्याने घ्या.

एक शेवटची चौकशी. मुलगा पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, घेतो का? 8 वर्षांच्या मुलाने तोंडात पंप धरून नुसता दाबला तर बहुतेक औषध घशावर आदळतं, आणि मग फुप्फुसात रिसेप्टरला भेटायला थोडंच उरतं. पंप हलवा, स्पेसरला लावा, एका वेळी एकच दाब, आणि त्यातून पाच-सहा सावकाश श्वास. दुसरा दाब हवा असेल तर पुन्हा हलवून पहिल्यापासून. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत घाला, मुलाला त्यांच्यासमोर एकदा घ्यायला लावा, आणि कोणता पंप कधी व किती घ्यायचा, त्रास वाढला तर काय करायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण तुम्ही कामावर असताना पंप त्यांच्याच हातात असेल.